न्हाणीमागचे वेखंड

भिंतीपलीकडून येणारा वास मला दिवसभर एका जागी बसू देत नसे. सकाळी मरव्याचा, उन्हे चढली की सतापीचा कडवट आणि उग्र, आणि तिन्हीसांजेला शेजारचे हकीमसाहेब झारीने वाफे भिजवू लागले की ओल्या वाळ्याचा. थंड, खोल, मातीच्या पोटातून निघून आल्यासारखा. मी पुस्तक घेऊन ओसरीवर बसे, दोन ओळी वाचे, उठे, अंगणात जाई, भिंतीला तळहात लावून उभी राही आणि पुन्हा आत येई. "पायाला भिंगरी लागली का गं तुझ्या?" आई चुलीपुढून ओरडे. भिंगरी पायाला नव्हती. पण नाकाने चालणाऱ्या माणसाची अस्वस्थता कशी सांगावी, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि आजही पुरते ठाऊक नाही. आता मी तिसऱ्या मजल्यावर राहते. खिडकीशी कुंड्या आहेत, त्यांना वास येतो तो पाण्याचा आणि धुळीचा. तरीही संध्याकाळ झाली की मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहते.

त्या भिंतीत एक बुटके दार होते. पूर्वी ते उघडेच असायचे. मी उर्दू शाळेत जात होते तेव्हा हकीमसाहेबांकडे अक्षर वळवायला बसायची. ते वाफ्यातले तण काढीत असत आणि मी चटईवर बोरू घासत असे. कुठल्या झाडाला काय म्हणतात, हे ते मला उर्दू-मराठी दोन्ही जिभांनी सांगत. त्यांची बाग म्हणजे शोभेची बाग नव्हती. कोणी डोंगरातून आणून दिलेले, कोणी हजहून येताना कापडात गुंडाळून आणलेले, कोणी दक्षिणेच्या ओल्या मुलखातून मागवलेले, असे एकेक रोप आपापले ऊनपाणी मागे टाकून तिथे आले होते, आणि हकीमसाहेब त्या प्रत्येकाची जुनी सवय सांभाळीत बसलेले असत. एकाला सावली, एकाला वाळू, एकाला चिखल. आज या कामाला मूळ अधिवासाबाहेरचे संवर्धन म्हणतात, असे मी कुठेसे वाचले. शब्द बरोबरच आहे. पण मला तो वाचताना हकीमसाहेबांचा गुडघ्यापर्यंत खोचलेला पायजमा दिसतो.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचे राज्य गेले आणि अण्णांनी, माझ्या वडिलांनी, ते दार बंद केले. नुसती कडी लावली नाही. दारापुढे सरपणाची चळत रचली. अण्णा शाळामास्तर. आदल्या वर्षापर्यंत उर्दूतून गणित शिकवत, आता मराठीतून शिकवायचे होते. सकाळी दाढी करताना ते 'तफ्रीक' म्हणत, थांबत, आणि आरशातल्या स्वतःवर चिडून 'वजाबाकी, वजाबाकी' असे पुटपुटत. वैजापूरकडच्या आमच्या मूळ गावात रझाकारांनी घरे पेटवली होती. त्या रात्रीपासून अण्णांचा धाकटा भाऊ, आमचे दिनूकाका, कोणाला दिसले नव्हते. आणि भिंतीपलीकडे चाचीजान, हकीमसाहेबांच्या पत्नी, यांचा भाऊ पोलीस ॲक्शननंतर आपल्या खेड्यात गेला तो परत आला नव्हता. दोन्ही घरांत एकेक माणूस कमी झाले होते आणि दोन्ही घरांनी एकमेकांना त्याबद्दल काही विचारले नव्हते. त्या न विचारलेल्या प्रश्नाचा आवाज घरात सतत येई. भांडी जोरात आपटली जात. अण्णा जेवताना मध्येच उठून दारापर्यंत जाऊन येत. मला उर्दू पुस्तके काढायची बंदी होती आणि मराठीतल्या कविता अजून जिभेवर बसत नव्हत्या. मी या दोहोंच्या मधोमध, त्या सरपणाच्या चळतीपाशी घुटमळत होते.

मग वास विरळ होऊ लागले. आधी वाळा गेला. हकीमसाहेबांच्या हौदात नहरीचे, म्हणजे जमिनीखालच्या जुन्या कालव्याचे, पाणी खापरी नळातून येत असे. तो नळ वर कुठेतरी फुटला होता, आणि राज्य बदलल्याच्या गडबडीत तो कोणी दुरुस्त करायचा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. विहिरीचे पाणी खारट. झारीचा आवाज थांबला, तेव्हा मला कळले की पलीकडची बाग वाळते आहे. गल्लीत बोलले जात होते की मुलगी बाळंत झाली की हकीमसाहेब घर विकून मुलाकडे हैदराबादेला जाणार. म्हणजे बागेला दोन शत्रू झाले होते, ऊन आणि कुलूप. मी आईला म्हटले, "आपण निदान काही रोपं आणू या." आई म्हणाली, "तुझे वडील घरात ठेवतील का?" आणि तिने जे भांडे घासून झाले होते तेच पुन्हा घासायला घेतले.

आमच्या गल्लीत बांगड्या भरायला बीबन येई. ती हिंदू-मुसलमान सगळ्या घरांत सारख्याच हक्काने आत शिरे, आणि एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात सांगताना तिला काही वाढवायची गरजच पडत नसे; ती आपोआप वाढे. त्या दुपारी ती धापा टाकत आली. टोपली खाली ठेवण्याआधीच म्हणाली, "अगे बाई, हकीमनी बोल रई, बच्चा नै बचता दिसता. पानी नै. आके लेके जाव बोली. जल्दी बुलाई तुमकू!"

आईच्या हातातली परात तशीच राहिली. हकीमसाहेबांची मुलगी झुबेदा माहेरी आलेली होती, तिचे दिवस भरत आले होते, हे साऱ्या गल्लीला माहीत होते. "कधी झाली बाळंत? मला कुणी सांगितलं कसं नाय?" आई म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता माजघरात गेली. फडताळातून तिने बाळघुटीची पुरचुंडी काढली: जायफळ, मुरडशेंग, हळकुंड, वेखंड, बाळहिरडा. सहाण काखेत मारली. ती पुढच्या दाराने गेली असती तर गल्लीला वळसा पडला असता. ती थेट अंगणात आली आणि सरपणाची लाकडे दोन्ही हातांनी फेकू लागली. "बघतीस काय? धर की!" मीही फेकू लागले. इतक्या महिन्यांनी माझ्या हातापायांना करायला काहीतरी मिळाले होते. कडी गंजली होती. आईने ती सहाणेने ठोकून काढली.

पलीकडे अंगणात चाचीजान चिंचा फोडत बसल्या होत्या, आणि त्यांच्याजवळ, भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून, झुबेदा. पोट होते तसेच होते. आई उंबऱ्यातच थबकली. केस सुटलेले, काखेत सहाण.

"बाळ कुठंय?" आई म्हणाली.

"कौनसा बाळ?"

"बच्चा बचत नाय म्हणून निरोप आला ना मला!"

 चाचीजानने चिंचेचा हात कपाळावर मारला. "अगे माँ! बच बोली थी मैं, बच! बच नै बचती बोली. ये मुर्दार बीबन क्या का क्या ले गई! बच्चा तो अभी पेट में च है!" झुबेदा आधी हसली, पोट धरून, दुखते म्हणत, हसतच राहिली. मग चाचीजान. आईला मात्र हसू आले नाही. ती तिथेच खाली बसली. चाचीजानने तिचे हात आपल्या चिंचेच्या हातांत धरले.  दोघी कोणासाठी घाबरल्या होत्या, कोणासाठी आधीच रडून झाल्या होत्या, हे त्यांना विचारावे इतकी मी मोठी नव्हते.

ओसरीवरच्या पडद्यामागून हकीमसाहेबांचा आवाज आला, "बच, बहनजी. तुम्ही लोक काय म्हणता त्याला... बच्चों के सर पे लगाते सो."

आईने पुरचुंडी सोडली आणि त्यातला एक वाळका, गाठीगाठींचा तुकडा चाचीजानला दाखवला. "हे?"

"हौ, येच!"

"अहो, वेखंड म्हणा की मग! वेखंडापायी माझा जीव काढला व्हय?" आता आई हसली.

हौदाच्या कडेला जिथे एरवी पाणी पाझरत असे तिथे ते वेखंड होते. जुन्या तलवारींसारखी पाने, एका कडेला बारीक चुण्या पडलेली, टोके करपून तपकिरी झालेली. खालचा चिखल भेगाळलेला. हकीमसाहेबांच्या आजोबांनी ते आणले होते, खाली मलबाराकडच्या कुठल्याशा दलदलीतून, ओल्या घोंगडीत गुंडाळून. "बाजारात जे मिळतं ते मेलेलं," पडद्यापलीकडून हकीमसाहेब माझ्याशी बोलू लागले, पूर्वीसारखे, अर्धे मराठीत अर्धे दखनीत. "सुखाके, उबालके आता वो. लावलं तर उगवत नाही. जंगल में खोद खोद के खतम कर रहे लोगाँ. जितं फक्त हे आहे. दवणा, मरवा कहीं भी मिल जाएगा बेटी. हे गेलं तर या शहरात पुन्हा येणार नाही." त्यांनी आवाज उतरवला. "गल्ली में सबकू पूछा मैं. आमच्या घरातलं काही कोणाला नको आहे."

आईने पदर खोचला. आम्ही दोघींनी बोटांनी तो चिखल उकरला. वेखंडाचे मूळ खाली जात नाही, आडवे सरपटते. सापाच्या कातीसारखे वलयांचे, आतून गुलाबीसर. ते तुटले तसा जो वास सुटला तो मी आधी कधी घेतला नव्हता. वाळक्या वेखंडाचा वास मला माहीत होता. हा त्याचाच, पण जिवंत: तिखट, गोड, पाण्याने भरलेला, नाकातून थेट डोळ्यांत जाणारा. आम्ही सतापही घेतली, मरवा घेतला, वाळ्याचे एक ठोंब घेतले. वेखंड मात्र आईने स्वतः आमच्या न्हाणीमागे लावले, जिथे आंघोळीचे पाणी जमून कायम चिखल असे.

अण्णा शाळेतून आले, पाय धुवायला मागे गेले आणि तिथेच थांबले. आई पंचा घेऊन दारात उभी होती.

"हे काय?"

"वेखंड."

"कुठून आलं?"

 अण्णांनी अंगणाकडे पाहिले. विस्कटलेले सरपण, उघडे दार.

"दार कोणी उघडलं?"

"मी."

"उपटून टाक."

"मी लावलंय, माझ्या हातानं नाय उपटवणार. तुम्हाला उपटायचं तर उपटा."

अण्णा वाकले. त्यांनी पानांचा झुबका मुठीत धरला आणि ओढला. चिखल चिकट होता; मूळ निघाले नाही, पाने मात्र मुठीत चुरगळली. पुन्हा ओढण्याआधी त्यांनी कपाळावरचा घाम त्याच हाताने पुसला, आणि हात तिथेच राहिला, कपाळाशी, नाकाजवळ. मी ओसरीच्या खांबाला धरून उभी होते. अण्णा इतके हळू बोलले की मला वाटले ते पुन्हा एखादा जुना शब्द आठवीत आहेत.

"दिनूच्या टाळूला असाच वास यायचा," ते म्हणाले. "लहान होता तेव्हा. मीच भरायचो वेखंडाची पूड. आईला वेळ नसायचा."

मग ते पाय न धुताच आत गेले. जेवताना त्यांनी हात दोनदा धुतला. वेखंडाचा वास धुतल्याने जात नाही. दोन घास खाऊन ते उठले आणि अंगणात येरझाऱ्या घालू लागले. त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत मी पडून राहिले आणि मला प्रथमच कळले, माझी भिंगरी मला कोणाकडून मिळाली आहे.

 रविवारी अण्णा सायकलवरून आले ते मागे ओले पोते बांधून. चिकलठाण्याच्या तळ्यातला काळा गाळ होता. त्या वेळी चिकलठाणे म्हणजे शेते आणि चिखल, जसे नाव तसे गाव. आज तिथे विमाने उतरतात आणि नातवंडांना तो चिखल सांगितला तर ती माझ्याकडे दयेने बघतात. "साबणाच्या पाण्यात ते जगायचं नाही," अण्णा म्हणाले, आणि आंघोळीच्या पाण्याला त्यांनी दुसरी वाट काढून दिली. विहिरीचे खारे पाणीही नको म्हणून पिण्याच्या हंड्यातले तांब्याभर पाणी त्याला जाऊ लागले. आई कुरकुरली, "आता माणसांनी काय प्यावं?" पण तांब्या तीच भरून ठेवी.

सताप आठवड्यात गेली. मरवा थोडे दिवस तगला, मग काड्या झाल्या. वाळ्याचे ठोंब उंदरांनी पोखरले. वेखंडाची जुनी पाने एकेक करून पिवळी पडत होती आणि मी रोज सकाळी उठून आधी तिथे जाई. ते मरेल ही भीती होती. पण त्याहून मोठी भीती अशी की ते मेले तर अण्णांना दार पुन्हा बंद करायला कारण मिळेल. दार उघडेच होते. त्यातून आई आणि चाचीजान ये-जा करीत. अण्णा आणि हकीमसाहेब मात्र एकमेकांना दिसणार नाहीत अशा वेळा सांभाळून वागत. मग एके दिवशी सुकलेल्या पानांच्या मधून एक कोवळे, फिकट, दाभणासारखे टोक वर आले. मी अण्णांना हाक मारली. त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "ओरडू नकोस." जणू ते रोप झोपलेले होते.

झुबेदाला मुलगा झाला. बाळाला सर्दी झाली तेव्हा त्या घरात वेखंड उरले नव्हते. सारे आम्हीच आणले होते, आणि आईच्या पुरचुंडीतला तुकडा उगाळून उगाळून नखाएवढा झाला होता. आईने अण्णांकडे नुसते पाहिले. अण्णा चाकू घेऊन मागे गेले, बराच वेळ तिथे बसून राहिले, आणि एक बोटभर पेर कापून आईच्या हातावर ठेवले. "डोळा असलेला भाग ठेवलाय मातीत," ते म्हणाले. "एवढं पुरेल बाळाला." आई ते घेऊन दारातून गेली आणि अण्णा कापलेल्या जागेवर राख दाबत राहिले.

हैदराबादला निघायच्या दिवशी हकीमसाहेब आमच्या पुढच्या दाराशी आले. गल्लीत टांगा उभा होता. त्याला चादरीचा पडदा बांधलेला, आत चाचीजान, झुबेदा, बाळ आणि ट्रंका. घराची किल्ली सकाळीच नव्या मालकाकडे गेली होती. हकीमसाहेब शेरवानी घालून आले होते. मी त्यांना शेरवानीत क्वचितच पाहिलेले. ते मला दुसऱ्याच कोणासारखे दिसले. अण्णा उंबऱ्याच्या आत उभे होते.

"चलता हूँ, मास्टरसाब," हकीमसाहेब म्हणाले.

अण्णांनी मान हलवली. हकीमसाहेब वळले, टांग्यात चढले. टांगेवाल्याने लगाम उचलला.

"उन्हाळ्यात काय करायचं?" अण्णा एकदम म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की घोडा बिचकला.

"किसका?"

"त्याचं. वेखंडाचं. पाणी आटलं तर?"

हकीमसाहेब टांग्यातून उतरले. ते आमच्या ओसरीवरून, माजघरातून सरळ न्हाणीमागे गेले, अण्णा त्यांच्यामागे. मी धावत गेले तेव्हा ते चिखलाशी उकिडवे बसून शेरवानीची बाही कोपरापर्यंत सारत होते. "पाँव पानी में, सर धूप में, बस," ते म्हणाले. "पण एकाच जागी ठेवू नका, मास्टरसाब. मी तीच चूक केली. दोन पानं जास्त झाली की तोडा, दुसऱ्या घरी द्या. एक सूखा तो दूसरे के पास रहेगा." त्यांनी मनगटापर्यंत हात घातला आणि मूळ चाचपले. "हे बघा, इथं. हा डोळा. काटना यहाँ से, यहाँ से नै."

"इथून?" अण्णांनीही हात घातला.

"नै नै, ठहरो. थोडं मागं."

"असं?"

"हौ. आता कसं!"

दोघांची डोकी एकमेकांना लागतील इतकी जवळ आली होती. बाहेरून चाचीजान ओरडत होत्या, "अजी, गाडी छूट जाएगी! तुमकू च बोल रई मैं!" बाळ रडू लागले. टांगेवाला दारात येऊन खाकरून गेला. हकीमसाहेब पाने मोजत होते, अण्णा विचारत होते पावसाळ्यात गाळ बदलायचा की नाही, थंडीत कापायचे की नाही, आणि विचारता विचारता ते गणित शिकवताना शिरत तसे उर्दूत शिरले होते, आणि हकीमसाहेब त्यांना मराठीत उत्तरे देत होते. मग स्टेशनाच्या बाजूने गाडीची लांब शीळ आली. सगळ्यांनी ऐकली. कोणी उठले नाही.

चाचीजान टांग्यातून उतरल्या त्या कपाळाला हात लावूनच. "हो गया!" त्या आईला म्हणाल्या. "अब रात कू कहाँ जाना? घर बी गया, गाडी बी गई." आईने झुबेदाच्या हातातून बाळ घेतले आणि ओसरीवर चटई टाकली. मग ती न्हाणीच्या दाराशी गेली. आमच्या घरात तोवर पलीकडचे कोणी जेवले नव्हते. तसा प्रश्नच कधी आला नव्हता. अण्णा कोपरापर्यंत काळे हात धूत होते आणि हकीमसाहेब त्यांच्या हातावर तांब्याने पाणी घालत होते.

"पीठ किती जणांचं घेऊ?" आईने विचारले.

अण्णांनी हात झटकले आणि बाळाच्या रडण्याकडे कान दिला.

"त्याला सोडून सगळ्यांचं," ते म्हणाले.